उलटी वाजणारी टेप

कातारीला आयुष्यात शत्रू दोनच मिळाले, आणि दोघेही बायकोच्या माहेरकडचे. एक मेहुणा, दुसरा साडू. बाहेरच्या माणसाशी वैर धरायचं तर आधी ओळख काढा, मग निमित्त शोधा. इथे सगळं आयतं होतं.

कातारी हे त्याचं खरं नाव नव्हे. रेकॉर्ड कंपनीत तो लेथवर बसायचा, म्हणून ते चिकटलं. लाकूडवाला कातारी लाकूड काततो, हा लाखेच्या काळ्या तबकडीवर गाणं कातायचा. एकीकडे टेप वाजतेय, तिच्याबरोबर सुई थरथरतेय, आणि तबकडीवरून केसाएवढी खाच गोल गोल आत चाललीय. त्या तबकडीवरून साचा निघायचा, साच्यावरून हजारो रेकॉर्ड. मध्येच सुई उडाली की तबकडी बाद, पुन्हा पहिल्यापासून. तीस वर्षांच्या नोकरीत आपल्या किती तबकड्या बाद झाल्या हे त्याला तोंडपाठ होतं: अकरा. त्यातल्या चार कोणामुळे, हेही न विचारता सांगायचा.

मेहुण्यामुळे. मेहुणा चौघांच्या एका रॉक बँडमध्ये बेस गिटार वाजवायचा, आणि त्यांचा पहिला अल्बम कातारीच्या लेथवर आला होता. कव्हरवर जिन्यात बसलेलं एक भिजलेलं कुत्रं होतं, त्यामुळे अल्बमचं खरं नाव मागे पडलं आणि सगळे त्याला कुत्र्याचा अल्बम म्हणू लागले. अल्बम तुफान गाजला. बँड दोन वर्षांत फुटला, कारण चौघांपैकी प्रत्येकाला वाटत होतं की गाजला तो आपल्यामुळे. मेहुण्याला तर अजून वाटतं.

बेसचा खर्ज जास्त झाला की खाच रुंद होते, शेजारच्या खाचेत घुसते आणि सुई उडी मारते. चार तबकड्या वाया गेल्यावर कातारीने जे कुठलाही कातारी करतो तेच केलं. मूळ टेपवरून लेथपुरती एक नक्कल काढली. तिच्यात खालचा खर्ज तासला, वरचे सूर जरा चढवले. रेकॉर्ड घरी वाजते तेव्हा वरचे सूर थोडे मरतात आणि खालचे थोडे फुगतात. दोन्ही धरून त्याने माप ठेवलं होतं, आणि ते रेकॉर्डवर बरोबर बसलं. नकलेच्या डब्यावर त्याने लिहिलं, 'लेथपुरती', आणि खाली स्वतःचं पूर्ण नाव. आपण हात लावलेल्या वस्तूवर नाव टाकायची त्याला सवय होती. ती सवय पुढे फार महागात पडली.

मग सीडी आली. दुकानांत सीडीची कपाटं उभी राहिली आणि कपाटांत ठेवायला माल नव्हता. कंपनीने सीडीचं खातं साडूकडे दिलं. साडू आला होता कॅसेटचे डबे-झाकणं बनवणाऱ्या खात्यातून. प्लास्टिक कुठून चिरतं हे त्याला बोट फिरवून कळायचं, पण टेपचं तोंड कोणतं आणि शेपूट कोणतं हे कधी विचारायची वेळ आली नव्हती. वरून हुकूम आला, महिन्याला तीस जुने अल्बम सीडीवर चढवा. त्याने चढवले.

कुत्र्याच्या अल्बमची सीडी वाजली ती पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी. झांजा कानात टोचत होत्या, ड्रम पुठ्ठ्याचे झाले होते, आणि बेस नव्हताच. चौघांच्या बँडमध्ये तिघंच वाजवत होते. आतल्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर मात्र एक ओळ ठसठशीत होती: 'टेप तयार करणारे', आणि पुढे कातारीचं पूर्ण नाव. डब्यावरून उतरवून घेतलं होतं. वरचा 'लेथपुरती' हा शब्द कोणाला छापण्यासारखा वाटला नव्हता.

मूळ टेप का नाही घेतली, असं तेव्हा कातारीने साडूला विचारलं होतं. साडू म्हणाला, "तळघरात पाणी शिरलं होतं ना, त्यात गेली." तळघरात पाणी खरंच शिरलं होतं, त्यामुळे कातारी गप्प बसला. मेहुणा गप्प बसला नाही. त्याचं म्हणणं पहिल्या दिवसापासून एकच: "भावोजींना माझा बेस आधीपासून खुपत होता. संधी मिळाली, कापून टाकला."

पंचवीस वर्षं. मेहुणा बेसचे क्लास घेतो, आणि नव्या बॅचला पहिल्या दिवशी ही गोष्ट सांगतो. घरात कोणाचं लग्न असो, कोणी दवाखान्यात असो, समोर आला की सुरू.

"काय भावोजी, आज काय कापलंत?"

"तुझं तोंड राहिलंय," कातारी म्हणायचा.

कातारीची बायको, म्हणजे मेहुण्याची थोरली बहीण, मध्ये बसून दोघांना वाढायची. कोणाची बाजू घेतली तर उरलेलं आयुष्य दुसऱ्याचं ऐकावं लागेल, एवढं तिला पहिल्याच महिन्यात कळलं होतं.

यंदा कंपनीने अल्बमची नवी आवृत्ती काढायचं ठरवलं. साडू निवृत्त झाला होता, तरी सल्लागार म्हणून त्याला खोली होती, आणि पुस्तिकेचा मजकूर त्याच्याच हातून जाणार होता. गावातल्या एका संगीताच्या मासिकाने त्याच सुमारास एक यादी छापली, आजवरच्या सगळ्यात बेकार दहा सीडी. कुत्र्याचा अल्बम दुसरा. खाली दोन ओळी: 'टेप तयार करणाऱ्याला बेस या वाद्याची माहिती नसावी.' पुढे नाव. कातारीने ते पान फाडलं नाही. घडी घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं, म्हणजे रोज दिसेल.

मंगळवारी सकाळी फोन आला. कंपनीच्या टेपखोलीत नवी बाई लागली होती, ती कपाटं लावत होती.

"तुमचं अक्षर लागत नाही म्हणून फोन केला," ती म्हणाली. "कुत्र्याच्या अल्बमचे दोन डबे आहेत. एकावर तुमचं नाव आणि 'लेथपुरती' की 'लाथपुरती', असं काहीतरी."

"लेथपुरती. दुसऱ्यावर?"

"दुसरा फेकायच्या ढिगात आहे. त्यावर लाल शाईत लिहिलंय, 'खराब. उलटी वाजते.' फेकू ना?"

कातारी चष्म्याची डबी खिशात टाकून उठलाच.

"हात लावू नका," तो म्हणाला. "मी येतोय. तुम्ही त्या डब्याजवळ बसा. चहाला पण जाऊ नका."

टेपखोलीत थंडी होती आणि जुन्या पुठ्ठ्याचा वास. बाईने डबा टेबलावर ठेवला होता आणि खरोखरच शेजारी खुर्ची टाकून बसली होती. लाल शाईतलं अक्षर कातारीने ओळखलं. साडूचा 'ख' असा असतो की दोन माणसं एकमेकांना पाठ करून बसलीत असं वाटतं. त्याने झाकण काढलं. गुंडाळीचं बाहेरचं टोक लाल होतं.

"हे बघा," तो बाईला म्हणाला. "मूळ टेप वाजून संपली की ती परत पहिल्यापासून गुंडाळायची नाही. आहे तशी, शेपूट बाहेर ठेवून डब्यात घालायची. नाहीतर एका थराचा आवाज शेजारच्या थरात उतरतो. लाल पट्टी म्हणजे शेपूट. वाजवायच्या आधी उलटी फिरवून तोंड काढायचं."

"आणि नाही फिरवली तर?"

"तर शेवटापासून सुरुवातीकडे वाजते. माणूस उलटा बोलल्यासारखं. आमच्याकडे नवीन पोरगंसुद्धा हे पहिल्या आठवड्यात शिकायचं."

बाईने लाल शाईकडे पाहिलं, ते अक्षर तिच्याही पाहण्यातलं होतं, मग त्याच्याकडे. "म्हणजे सल्लागार साहेबांनी—"

"साहेबांनी ती तशीच चढवली. उलटी वाजली. साहेबांनी तिच्यावर खराब लिहिलं आणि शेजारची सरळ वाजणारी उचलली. महिन्याला तीस होत्या."

तो डबा काखेत घेऊन साडूच्या खोलीत गेला. साडू पुस्तिकेचं प्रूफ वाचत होता. कातारीला उलट्या बाजूनेही ती ओळ वाचता आली: मूळ टेप उपलब्ध नसल्याने, अमुक यांनी तयार केलेल्या टेपवरून.

"या साडूभाऊ," साडू म्हणाला. "बसा. वाट चुकलात?"

कातारीने डबा प्रूफावर ठेवला. "पाण्यात गेलेली सापडली. एकदम कोरडी आहे."

साडूने झाकणावरचं स्वतःचं अक्षर वाचलं. त्याचा चेहरा बदलला नाही, फक्त पेनाचं टोपण त्याने काढलं आणि परत लावलं. "ती खराब होती. वाजवून बघितली होती मी."

"शेपटाकडून."

"काय शेपटाकडून?"

"घोड्यावर उलटं बसायचं आणि म्हणायचं याला तोंड नाही. चला, ऐकण्याच्या खोलीत लावू. तुमच्यासमोर फिरवतो."

"हे बघा," साडूने आवाज खाली घेतला, "पंचवीस वर्षांपूर्वीची गोष्ट. परवा प्रूफ छपाईला जातंय. आता उकरून कोणाचं भलं होणार आहे?"

"माझं."

"तुमचं काय अडलंय? तुम्ही निवृत्त, मी जवळजवळ निवृत्त."

कातारीने चष्म्याची डबी उघडली, घडी घातलेलं पान काढलं आणि डब्यावर ठेवलं. "माझं नाव त्या ओळीत नको. आणि चूक तुमच्या खात्याची होती हे त्याच जागी छापायचं. नाहीतर हा डबा घेऊन मी त्या मासिकाच्या कचेरीत जातो. लाल शाईसकट."

साडूने तोडगा काढला, आणि तोडगा कसला, दुसऱ्या शत्रूला बोलावून घेतलं. उद्या दुपारी ऐकू, म्हणाला, मेहुण्यांनाही बोलावू, शेवटी बेस त्यांचा आहे. जगात दोनच गोष्टी पक्क्या होत्या: सूर्य उगवणार, आणि मेहुणा कातारीच्या विरुद्ध बोलणार.

बुधवारी दुपारी चौघं जमले. बायको स्वतःहून आली. मेहुण्याने नवा शर्ट घातला होता आणि केस मागे वळवले होते, जणू टेपमधून लोक बघणार होते.

"शेवटी निघाला माझा बेस बाहेर," तो म्हणाला. "भावोजी, आता कात्री कुठे लपवाल?"

"बस खाली," बायको म्हणाली.

कातारीने टेप चढवली आणि उलटी फिरवू लागला. सगळे बघत होते. गुंडाळी एका चकतीवरून दुसऱ्या चकतीवर गेली, लाल टोक आत बुडालं आणि दुसऱ्या बाजूने हिरवं बाहेर आलं. "तोंड," तो साडूकडे न बघता म्हणाला, आणि बटण दाबलं.

आवाज असा आला की खोलीची भिंत मागे सरकल्यासारखी वाटली. झांजांना धातू होता, ड्रमला चामडं होतं. आणि मग बेस आला, खुर्च्यांच्या पायांतून वर, पोटात. मेहुण्याने डोळे मिटले आणि मान डोलवायला लागला.

पहिलं गाणं निम्मं झालं तेव्हा बायकोने भावाकडे पाहिलं. मग साडूने पाहिलं. मग मेहुण्याची मान डोलायची थांबली.

बेस मागे पडत होता. खूप नाही, ड्रमचा ठोका पडायचा, आणि दारात चप्पल काढत बसलेल्या पाहुण्यासारखा हा त्यानंतर आत यायचा. प्रत्येक ठोक्याला. दुसऱ्या गाण्यात तेच. तिसऱ्या गाण्यात ध्रुवपदाच्या ओळीला बेस दर वेळी एका सुराने खाली जात होता, आणि दर वेळी तितक्याच आत्मविश्वासाने. रेकॉर्डवर हे कोणाला कधी कळलं नव्हतं. सीडीवर तर कळायला बेसच नव्हता.

"मशीनचा वेग कमी आहे," मेहुणा म्हणाला.

"मग गाणारा पण हळू गायला असता," कातारी म्हणाला.

"टेप ताणली गेली असेल."

"फक्त तुझ्या बाजूची?"

साडू खोकला. त्याच्या डोक्यात गणित चाललं होतं ते कपाळावर दिसत होतं. "असं करू या," तो गोड आवाजात म्हणाला. "मूळ टेप सापडली, पण वापरण्यालायक नव्हती, असं छापू. सगळ्यांचीच अब्रू राहते. पुस्तिका आहे तशी जाऊ द्या."

मेहुण्याने लगेच मान हलवली. पंचवीस वर्षांत त्या दोघांचं पहिल्यांदाच एकमत झालं, आणि ते कातारीच्या नावावर झालं.

"सगळ्यांची म्हणजे?" बायको बोलली. "यांची कुठे राहिली?"

ती भावाकडे वळली. "तू मागे पडत होतास. मला संगीतातलं काही कळत नाही आणि मलाही ऐकू आलं. यांनी तुला झाकलं. एवढी गाजलेली रेकॉर्ड, एवढा तुझा क्लास, सगळं त्या झाकण्यावर उभं आहे. आणि तू माझ्या घरी येऊन, माझ्या हातचं जेवून, यांना कापणारे म्हणत होतास."

मेहुण्याने शर्टाचं वरचं बटण उघडलं. मग उठला आणि कातारीसमोर येऊन उभा राहिला. त्याच्या तोंडावर असा भाव होता की बायकोला वाटलं, आता होतंय.

"भावोजी," तो म्हणाला, "मला ठाऊक नव्हतं. तुम्ही माझ्यासाठी केलंत, आणि मी—"

एवढं आयतं आलेलं श्रेय कोणीही पदरात पाडून घेतलं असतं. नुसती मान हलवली असती तरी पुरे होतं. कातारीनेही दोन्ही बाजू मनात मोजून पाहिल्या: एकीकडे उरलेली सगळी वर्षं मेहुण्याचं कृतज्ञ तोंड, दुसरीकडे खरं.

"तुझ्यासाठी नाही," तो म्हणाला. "सुईसाठी. सुई उडत होती म्हणून तासला. तू मागे पडतोस का पुढे, मी ऐकलंही नव्हतं. ऐकलं असतं तर तुझा बेस आणखी चढवला असता, म्हणजे सगळ्या गावाला कळलं असतं."

मेहुण्याचा चेहरा पूर्ववत झाला. दोघांनाही जरा हलकं वाटलं असावं. "तरीच," तो म्हणाला. "तुमच्याकडून चांगलं काही होईल म्हणून मी तरी कसं मानलं."

"आता ठरवा," कातारी साडूला म्हणाला. "मूळ टेपवरून, एक केसही न तासता. आणि ती ओळ."

"पण बेस जरा कमी केला तर—" मेहुणा म्हणाला.

"करतो की. खाली छापायचं, बेस वाजवणाऱ्याच्या विनंतीवरून कमी केला. सांग."

मेहुण्याने सांगितलं नाही. दार आपटून गेला. ऐकण्याच्या खोलीचं दार जाड असतं, आपटलं तरी आवाज होत नाही. तेवढंही त्याच्या नशिबी आलं नाही.

नवी आवृत्ती दोन महिन्यांनी आली. साडूने शब्द पाळला, आणि पाळताना जेवढा डंख मारता येईल तेवढा मारला. शेवटच्या पानावर छापलं होतं, आधीची सीडी विभागाच्या नजरचुकीने लेथसाठीच्या टेपवरून निघाली होती. नाव नव्हतं. कातारीने भिंग घेऊन पहिल्या पानापासून शोधलं. रेकॉर्ड कोणी कातली, तिथेही नव्हतं. फोटो काढणाऱ्याचं होतं, कुत्र्याच्या मालकिणीचं होतं. फोन केला तर साडू म्हणाला, "तुम्हीच म्हणालात साडूभाऊ, माझं नाव काढा. मी सगळीकडून काढलं."

आणि मग मासिकाचा नवा अंक आला. बायकोने मोठ्याने वाचून दाखवला, कारण कातारीने हातात घ्यायला नकार दिला. अल्बम आता कुठे खरा ऐकू येतोय, असं लिहिलं होतं. विशेष कौतुक बेसचं. ठोक्याच्या किंचित मागे राहून सगळ्या गाण्यांना जडपणा देणारा असा बेस त्या काळी दुसऱ्या कोणाला सुचला नव्हता. तिसऱ्या गाण्यात तो ध्रुवपदाला मुद्दाम एका सुराने खाली उतरतो, ते तर धाडसच. हे सगळं इतकी वर्षं रेकॉर्ड कातणाऱ्याने आपल्यापासून लपवून ठेवलं.

"नाव आहे?" कातारीने विचारलं.

"नाही. नुसतं कातणाऱ्याने."

"बरं झालं," तो म्हणाला. साडूने डंख म्हणून जे केलं त्याचा असा उपयोग होईल हे साडूलाही सुचलं नसतं. चष्म्याच्या डबीतलं जुनं पान त्याने काढून कचऱ्यात टाकलं.

अकराच्या सुमाराला फोन वाजला. मागे क्लासची पोरं एकाच वेळी सहा बेस जुळवत असल्याचा गोंगाट येत होता.

"वाचलंत का भावोजी?" मेहुणा म्हणाला. त्याच्या आवाजाला अल्बम गाजला तेव्हाचं तूप लागलं होतं. "मुद्दाम मागे राहायचो मी. ते कळायला कान लागतो. तुम्ही कापलंत."

"वाचलं."

"मग अजून फोन का नाही केलात?"

"तुझ्याच चालीने वाचलं," कातारी म्हणाला. "सगळ्यांचं वाचून झाल्यावर पोचलो."

त्याने फोन ठेवला. बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, रविवारी त्याला जेवायला बोलावलंय, आधीच सांगून ठेवते. कातारी म्हणाला, बोलाव. आणि वेळ साडेबाराची सांग, म्हणजे एकपर्यंत येईल.